रक्तदाबाचे मूळ मातेच्या ताटात

रक्तदाब वाढला की डॉक्टर मीठ कमी करावयास सांगतात आणि समाज रोग्याच्या जिभेला दोष देतो. सल्ला योग्य, पण निदान अपुरे. इंग्लंडमधील डेव्हिड बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखविले की, जन्माचे वजन जितके कमी, तितका पुढील आयुष्यातील रक्तदाब सरासरीने अधिक असतो. गर्भात वाढ खुंटली की मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्या कमी राहतात. ती तूट पुढे भरून निघत नाही. फरक मोठा नसतो. परंतु लहान जन्मलेले मूल पुढे स्थूल झाले तर धोका वाढतो.

पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी चालविलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. गरोदरपणी ज्यांना अधिक कष्ट, त्यांची बाळे अधिक लहान, असेही आढळले. म्हणजे प्रश्न संयमाचा नसून अन्नाच्या व श्रमाच्या वाटपाचा आहे.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी नोकरीबाहेरील गर्भवतींना किमान ६००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेने तो पहिल्या अपत्यापुरता करून रक्कम ५००० वर आणली. २०२२ पासून दुसऱ्या अपत्यासाठीही मदत आली, पण ते मुलगी असेल तरच, आणि तीही जन्मानंतर! गर्भाची भूक जन्मानंतरच्या पैशाने कशी भागणार? प्रत्येक गर्भवतीस, प्रत्येक खेपेस, प्रसूतीपूर्वी पूर्ण रक्कम व कष्टांतून सुटी मिळावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी ग्रामसभांत लावून धरली पाहिजे.