छावणीतली मराठी, लोदमधली मराठी

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीतील तरुण जवान आणि इस्रायलमधील समवयस्क ज्यू तरुण यांना बोलायला समान विषय नाही, हे या सदरातील मत इतिहासाला धरून नाही. कोकणातले बेने इस्रायली ज्यू मराठीच बोलत आणि मुंबई इलाख्याच्या पलटणींत सुभेदारीपर्यंत चढत. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटलेले, ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग उभारले. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायली कुटुंबे इस्रायलमधील लोद, अश्दोद, दिमोनासारख्या शहरांकडे गेली. त्यांच्या नातवंडांना अठराव्या वर्षी लष्करी सेवा सक्तीची. बेळगावात भरती स्वेच्छेची. एवढा फरकही गप्पांना पुरेसा आहे. अडचण खरी भाषेची, कारण नव्या पिढीची बोली हिब्रू. म्हणून निपाणी-बेळगावच्या मराठी संस्थांनी आधी इस्रायलमधल्या मराठी जाणणाऱ्या ज्येष्ठांशी पत्रव्यवहार सुरू करावा.