राजीनामा मंजूर कुणी करायचा?

मुंबई, प्रतिनिधी

महापालिकेच्या सेवेतील व्यक्तीने निवडणुकीच्या रिंगणात उतरावे काय, या प्रश्नाचे नियमांतील उत्तर सोपे आहे: आधी नोकरी सोडा, मग उमेदवारी अर्ज भरा. मात्र नोकरी सुटली हे ठरविण्याचा अधिकार कुणाचा, यावर अनेकदा सारे अवलंबून असते. अंधेरी पूर्वच्या २०२२ मधील विधानसभा पोटनिवडणुकीने नेमके हेच दाखवून दिले.

आमदार रमेश लटके यांच्या निधनानंतर शिवसेनेच्या ठाकरे गटाने त्यांच्या पत्नी ऋतुजा लटके यांना उमेदवारी देण्याचे ठरविले. त्या मुंबई महापालिकेत लिपिक होत्या. २ सप्टेंबरचा त्यांचा राजीनामा सशर्त असल्याच्या कारणावरून नाकारण्यात आला. ३ ऑक्टोबरला त्यांनी दुसरा राजीनामा दिला आणि एक महिन्याच्या नोटिशीच्या बदल्यात महिन्याचे वेतनही भरले. अर्ज भरण्याची अखेरची तारीख १४ ऑक्टोबर होती. तरीही निर्णय होईना. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेव्हा लटके यांच्याविरुद्ध तक्रार प्रलंबित असल्याचे पालिकेने सांगितले. न्यायालयाने ते मान्य केले नाही. आयुक्तांनी विवेकाधिकार ज्या रीतीने वापरला वा वापरला नाही, ती रीत मनमानी ठरवून १४ तारखेला सकाळी ११ पर्यंत राजीनामा स्वीकृतीचे पत्र देण्याचा आदेश १३ ऑक्टोबरला देण्यात आला. पुढे लटके विजयी झाल्या.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्याने पालिकेत आयुक्त हेच प्रशासक होते आणि प्रशासक राज्य सरकारला उत्तरदायी होता. ठाकरे गट त्या सरकारच्या विरोधात होता. निर्णयामागे राजकीय हेतू होता किंवा नव्हता, हा वाद बाजूला ठेवला तरी एका अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीवर कुणाची उमेदवारी टिकावी वा बुडावी, ही व्यवस्थाच सदोष आहे.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. घटनेच्या १९१ व्या कलमानुसार आमदारकीसाठी अपात्रता येते ती सरकारच्या अखत्यारीतील लाभाच्या पदामुळे. पालिकेची नोकरी म्हणजे सरकारी पद असे आपोआप ठरत नाही. आगरतळा नगरपालिकेतील लेखापाल अजय बिस्वास १९८० मध्ये लोकसभेवर निवडून आले, तेव्हा त्यांचे पद सरकारच्या अखत्यारीतील लाभाचे पद नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. ज्या पालिकेत नोकरी, त्याच पालिकेत नगरसेवक होता येत नाही, हे मात्र निर्विवाद आहे. सेवानियमांतील निर्बंध ही वेगळी बाब. त्यांचा हेतू शिस्त आणि निःपक्षपातीपणा हा आहे. तरीही छाननीच्या वेळी अर्ज फेटाळला जाण्याचा धोका कोणताही उमेदवार पत्करत नाही. म्हणूनच राजीनाम्याच्या स्वीकृतीला एवढे मोल येते.

हे निर्बंध अनाठायी नाहीत. पाणीजोडणी, बांधकाम परवानगी वा परवान्यासाठी नागरिक ज्याच्या टेबलापुढे उभा राहतो, त्यानेच उद्या त्याच्याकडे मत मागितले, तर ती विनंती राहत नाही. शिवाय निवडणुकीच्या कामासाठीही पालिकेचे कर्मचारी घेतले जातात. परंतु लिपिक आणि विभागाचा प्रमुख अधिकारी यांच्या हातातील सत्ता सारखी नसते. दोघांना एकच मोजपट्टी लावणे न्याय्य नाही.

उपाय कठीण नाही. निवडणुकीसाठी दिलेल्या राजीनाम्यावर सात दिवसांत लेखी, सकारण निर्णय व्हावा. न झाल्यास तो मंजूर झाल्याचे मानावे. राजीनामा रोखायचा असेल, तर राजीनाम्यापूर्वीच रीतसर सुरू झालेली चौकशी एवढेच कारण ग्राह्य असावे. ऐनवेळी आलेला तक्रारअर्ज नव्हे. परवानग्या देणाऱ्या वरिष्ठांसाठी मात्र राजीनामा व उमेदवारी यांत ठराविक अंतर असावे.

लटके यांच्यामागे पक्ष होता, वकील होते; म्हणून त्या वेळेत न्यायालयात पोहोचल्या. एखाद्या सफाई कामगाराला अपक्ष म्हणून उभे राहावेसे वाटले, तर शेवटच्या दिवशी त्याच्यासाठी उच्च न्यायालयात कोण धावणार? नियम लिहिले जातात ते अशांसाठीच.