संगणकाच्या आधी डोळ्यांची तपासणी

२०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि ‘डिजिटल शाळा’ हा शब्द गावोगावी पोहोचला. अनेक ठिकाणी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅब आणि संगणक आले. बीडसारख्या जिल्ह्यात या साधनांचे मोल अधिक आहे. ऊसतोड कामगाराच्या मुलाच्या हाती पुढे कोयता येणार की कळफलक, हा इथे अलंकारिक प्रश्न नाही. म्हणूनच प्राथमिक शाळेत संगणक शिकवावा की नाही, हा वाद आता सोडून द्यावा. तो कसा शिकवायचा आणि त्याआधी काय करायचे, याकडे लक्ष द्यायला हवे.

पहिली गोष्ट डोळ्यांची. लघुदृष्टीत डोळ्याचा गोल प्रमाणापेक्षा लांब वाढतो आणि दूरचे धूसर दिसते. लहान मूल तशी तक्रार करत नाही, कारण सगळ्यांना असेच दिसते असे त्याला वाटते. फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेतले, की त्याच्यावर ‘ढ’ असा शिक्का बसतो. अशा मुलाला संगणकासमोर बसवले तर जवळचे नीट दिसत असल्याने दोष आणखी लपतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. मात्र दसरा-दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कारखान्यांकडे निघून जातात. पथक त्यानंतर आले, तर ज्याला सर्वाधिक गरज आहे तेच मूल पटावर असते, पण वर्गात नसते. बीडमध्ये ही तपासणी जून ते सप्टेंबरमध्येच उरकली पाहिजे.

दुसरी गोष्ट वेळेची. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. केंद्र सरकारच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेने पहिली ते आठवीच्या ऑनलाइन वर्गांसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनपेक्षा जास्त तासिका नकोत, असे सांगितले होते. शाळेतल्या संगणकाच्या तासालाही ही मर्यादा डोळ्यांसमोर ठेवावी. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहायला लावावे. तास संपला की मुले मैदानावर जावीत. उघड्यावरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांमध्ये लघुदृष्टी कमी आढळते. म्हणूनच तैवानने २०१० पासून मुलांना रोज १२० मिनिटे वर्गाबाहेर काढण्याची मोहीम हाती घेतली. बीडमध्ये उजेडाची कमतरता नाही. फक्त खेळाचा तास कापून त्या जागी संगणकाचा तास बसवू नये.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. पण असा कोड वाचायला फोन लागतो. आईवडील तोडीला गेले की घरातला फोन त्यांच्याबरोबर जातो आणि मूल हंगामी वसतिगृहाच्या किंवा आजीच्या भरवशावर राहते. बरोबर गेलेले मूल कोपीत राहते. तिथे ना वीज, ना वर्ग.

यावर उपाय आहे. संगणकाचे मूळ शिक्षण यंत्राशिवायही देता येते. न्यूझीलंडमधील टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी पत्ते, दोरी आणि खडू यांवर चालणारे खेळ तयार केले. भाकरी करण्याची कृती एकही पायरी न गाळता लिहून दाखव, असे चौथीतल्या मुलीला सांगितले तर तिने पहिला अल्गोरिदम लिहिला, असे समजावे. दुसऱ्या मुलीने तो वाचून चूक शोधली, की तीच झाली प्रोग्रामची दुरुस्ती. हे शिक्षण वही-पेन्सिलीत मावते आणि पाचटाच्या कोपीतही सोबत जाते.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समित्यांनी नवा टॅब घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. सगळ्या मुलांचे डोळे तपासले का? ज्यांना चष्मा सांगितला, त्यांच्या नाकावर तो आला का? आणि हंगामात गावाबाहेर जाणाऱ्या मुलांच्या दप्तरात या शिक्षणातले काय जाणार आहे? पहिल्या दोन प्रश्नांना फारसा खर्च नाही. तिसऱ्याचे उत्तर मात्र शिक्षकांनाच शोधावे लागेल, आणि तेही कोयत्याचा हंगाम सुरू होण्याआधी.