टकळी, माइनक्राफ्ट आणि पालकसभा

मुलांच्या गेमवर भाषण द्यायचं तर आमच्या वर्ध्यात वक्त्याला फार तयारी लागत नाही. मोबाईल म्हणजे विष, गेम म्हणजे व्यसन, आणि शेवटी गांधीजी. झालं भाषण! मागच्या सुट्टीत पुण्याहून घरी आलो होतो, तेव्हा भाच्याच्या शाळेतल्या पालकसभेत हेच ऐकलं. नई तालीम जिथे जन्मली त्या जिल्ह्यातली पोट्टी आज स्क्रीनला चिकटून बसतात, असं वक्ते कळवळून म्हणाले. टाळ्या पडल्या. नई तालीम म्हणजे काय, हे मात्र तासाभरात कोणी सांगितलं नाही.

तर मंडळी, आज मीच सांगतो.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. त्या परिषदेने डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली, समितीचा अहवाल त्याच डिसेंबरात आला, आणि पुढे सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याने तो विचार प्रत्यक्ष शाळेत उतरवला. मुद्दा साधा होता. पोराच्या हातात आधी पुस्तक नको, काम द्या. टकळी द्या. सूत काढता काढता त्याला मोजणी येईल, कापूस कळेल, लँकेशायरच्या गिरण्या आणि इंग्रजांचं राज्यही कळेल. हातातलं काम आणि शाळेतला विषय यांची सांगड घालण्याला नई तालीमवाले 'समवाय' म्हणत. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता टकळी मुलाला विचार करायला कशी लावते ते बघा. धागा तुटला की लगेच कळतं. टकळी ओरडत नाही, घरी चिठ्ठी पाठवत नाही. पीळ जास्त पडला, की कापूस नीट पिंजलेला नव्हता? एक गोष्ट बदलायची आणि पुन्हा फिरवायची. मी पोटासाठी दिवसभर हेच करतो, आमच्यात त्याला डिबगिंग म्हणतात. चांगला व्हिडिओ गेमसुद्धा मुलाकडून हेच करून घेतो. अंदाज बांध, करून बघ, फसलं तर कारण शोध. आपल्या परीक्षेत चूक महिन्याभराने कळते, तीही लाल शाईत, आणि तोवर वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असतो.

उदाहरण घ्या. माइनक्राफ्ट नावाचा गेम 2011 साली आला. ठोकळ्यांचं जग आहे, त्यात शेतीही करता येते. माझा सहावीतला भाचा त्यात गहू पेरतो. आधी त्याने वावराच्या कोपऱ्यात पाणी ठेवलं, लांबची जमीन कोरडीच राहिली. मग त्याने पाणी हलवून हलवून घरं मोजली. "मामा, पाणी मधात पाहिजे. चारही बाजूनं चार-चार घरं ओली राहतात, तिरपी बी." म्हणजे नऊ गुणिले नऊ, एक्क्याऐंशी, त्यातलं एक घर पाण्याचं, उरली ऐंशी. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. क्षेत्रफळाच्या गणिताला मात्र हाच पोरगा वहीवर जांभया देतो!

मी त्याला एवढंच विचारलं, "आपल्या वावरात आबा ठिबकच्या नळ्या किती अंतरावर टाकतात रे?" तो आबांकडे गेला. आबांनी सांगितलं की काळ्या जमिनीत पाणी आडवं पसरतं आणि हलक्या जमिनीत सरळ खाली उतरतं, म्हणून अंतर सगळीकडे सारखं चालत नाही. गेममध्ये सगळीकडे चार घरं, खऱ्या वावरात तसं नाही. का नाही, यावर दोघं अर्धा तास बोलत होते. आता सांगा, हा समवाय नाही तर काय आहे?

पण गेमच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही हुरळून जाऊ नये. 'सायन्स' या नियतकालिकात 2017 साली दिल्लीतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 214 बालवाड्या, दीड हजारांवर मुलं. काही मुलांना संख्येचा अंदाज आणि आकारांची ओळख यांवरचे खेळ खेळायला दिले. हे व्हिडिओ गेम नव्हते, एकत्र बसून खेळायचे खेळ होते. खेळलेल्या मुलांची ती समज वाढली आणि वर्ष उलटल्यावरही टिकली. शाळेतल्या आकड्यांच्या आणि चिन्हांच्या गणितात मात्र टिकाऊ फायदा दिसला नाही. मला यातून कळतं ते असं, की खेळात आलेली अक्कल आपोआप वहीत उतरत नाही. मधे पूल लागतो, आणि तो कोणीतरी बांधावा लागतो.

म्हणून 'मेंदू तल्लख करणारं ॲप' घेऊन मुलाला सोफ्यावर सोडून देणाऱ्या पालकांशीही माझं भांडण आहे. अमेरिकेत लुमोसिटी या मेंदूच्या खेळांच्या ब्रँडवर असे दावे पुराव्याशिवाय केल्याचा ठपका सरकारी यंत्रणेने ठेवला होता. 2016 साली ते प्रकरण 20 लाख डॉलर भरून मिटवावं लागलं. पैसे गेले ते गेलेच, वर आपण काहीतरी शैक्षणिक केल्याचं खोटं समाधान!

कोणी म्हणेल, व्यसनाचं काय? आहे ना. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला, तो योग्यच केला. बोट टेकवा, नाणी गोळा करा, जाहिरात बघा, यातही डोकं चालत नाही. पण जुगार आणि माइनक्राफ्ट एका पोत्यात भरायचे, तर मग पत्त्यांवर जुगार चालतो म्हणून बुद्धिबळही बंद करा की! आपल्या शेजारच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आपणच पेढे वाटले. तोही बसून खेळायचाच खेळ आहे.

गांधीजींना व्हिडिओ गेम आवडले असते, असं मी अजिबात म्हणणार नाही. टकळीतून शेवटी सूत निघतं, अंगावर घालता येतं. गेममधल्या गव्हाची भाकर होत नाही. हा फरक मोठा आहे आणि गेम हा हाताच्या कामाला पर्याय नाही. पण ज्या शाळेत सूतही नाही, बागही नाही, प्रयोगशाळेला कुलूप आहे आणि वर्षभर नुसती घोकंपट्टी चालते, त्या शाळेने नई तालीमचं नाव घेऊन पोरांच्या गेमवर बोट ठेवू नये. करून बघायची, चुकायची आणि पुन्हा करायची सोय पोरांना तुमच्याकडे मिळत नाही, म्हणून ती जिथे मिळते तिथे जातात.

तेव्हा पुढच्या पालकसभेत माझी एकच मागणी असेल. आठवड्यातून एक तास शाळेचे संगणक उघडा, चांगला गेम लावा, आणि शिक्षकांना शेजारी बसवा. त्यांनी फक्त तीन प्रश्न विचारायचे: काय फसलं? का फसलं? हेच बाहेर कुठे दिसतं? घरी पालकांनीही एवढंच करावं. मोबाईल हिसकावून घेणं सोपं आहे, त्याला दोन सेकंद लागतात. शेजारी बसायला अर्धा तास लागतो. भाषणात टाळ्या कशाला पडतात हे आता वेगळं सांगायला नको :)