सात यार्डांचा हिशेब

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकचे कौतुक त्याच्या वेगासाठी होते. झोन पद्धतीच्या धावेत मात्र तो कुठे उभा राहतो, यावरच बरेच काही ठरून गेलेले असते.

या पद्धतीत आक्रमणफळीतले पाचही गडी एकाच दिशेला पाऊल टाकतात आणि आपल्या पट्ट्यात जो येईल त्याला रोखतात. फट कुठे पडेल, हे आधी कुणालाच ठाऊक नसते. ती हेरायला बॅकला वेळ हवा आणि तो मागे उभे राहूनच मिळतो. म्हणून चाल चालवणारा क्वार्टरबॅक, चेंडू मागे देणाऱ्या सेंटरला खेटून असताना ‘आउटसाइड झोन’साठी, म्हणजे कडेच्या दिशेने जाणाऱ्या झोन धावेसाठी, बॅक साधारण सात यार्ड मागे असतो. पाचावरच उभा राहिला, तर फळी सरकण्याआधीच तो गर्दीत घुसेल. सातावरून तिरका धावताना कडेचा बचावपटू बाहेर पळतो की आत अडकतो, हे त्याला दिसते. मग एकच वळण घ्यायचे. दुसऱ्याला सवड नसते.

डेन्व्हर ब्रॉन्कोजमध्ये मुख्य प्रशिक्षक माइक शॅनाहन आणि फळीचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स गिब्ज यांनी १९९५ पासून हे घोटून घेतले. ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत निवडलेल्या टेरेल डेव्हिसने १९९८ मध्ये २,००८ यार्ड काढले. पुढच्या वर्षी तो जायबंदी झाला, तर ओलँडिस गॅरीने १,१५९. २००० मध्ये माइक अँडरसनने १,४८७. बॅक कुणीही चालतो, असा निष्कर्ष मग निघाला. तो अर्धाच खरा. डेव्हिसची नजर सर्वांकडे नसते.

ती नजर बचावावर राहावी, यासाठीच चेंडू देण्याची रीत बेतलेली आहे. चेंडू पोचवणे हे क्वार्टरबॅकचे काम. बॅकने आतला कोपर वर, दुसरा हात पोटाखाली धरून जागा करायची; चेंडूकडे बघायचे नाही. आउटसाइड झोनमध्ये क्वार्टरबॅकला मागे धावून, हात लांबवून तो शक्य तितक्या लवकर द्यावा लागतो. उशीर झाला की बॅकचे डोळे खाली जातात आणि फट निसटते.

शॉटगन रचनेत क्वार्टरबॅक सेंटरपासून काही यार्ड मागे उभा राहतो आणि बॅक त्याच्या शेजारी असतो. नव्वदच्या दशकाच्या आरंभी रिच रॉड्रिगेझ यांनी ग्लेनव्हिल स्टेटमध्ये ‘झोन रीड’ रुजवला: कडेचा एक बचावपटू मोकळा सोडायचा, क्वार्टरबॅकने चेंडू बॅकच्या पोटाशी धरून त्या बचावपटूची चाल पाहायची आणि मग द्यायचा किंवा काढून घ्यायचा. बॅकने आधीच घट्ट आवळला तर घोटाळा. शिवाय तो बहुधा क्वार्टरबॅकसमोरून पलीकडे धावत असल्याने उभे राहण्याची बाजूच दिशेची चुगली करते.

नेवाडा विद्यापीठात ख्रिस ऑल्ट यांनी २००५ मध्ये यावर उपाय म्हणून ‘पिस्टल’ ही रचना काढली: क्वार्टरबॅक चार यार्ड मागे, त्याच्या पाठीशी तीन यार्डांवर बॅक. बेरीज पुन्हा सात, आणि दोन्ही दिशा खुल्या. मात्र पासच्या वेळी बाजूला उभा असलेला बॅक धावून येणाऱ्याला अडवायला जसा हाताशी असतो, तसा पिस्टलमध्ये नसतो.