फोन बदलला, दप्तर बुडाले

‘फोन बदलला, त्यात जुने सगळे गेले’ हे वाक्य मराठीच्या प्राध्यापकांच्या खोलीत ज्या सहजतेने उच्चारले जाते, त्या सहजतेविषयी आम्हांला तक्रार करायची आहे. ऐकणारा विचारतो, ‘महत्त्वाचे काही नव्हते ना?’ बोलणारा म्हणतो, ‘छे, व्हॉट्सअ‍ॅपच तर!’ आणि चहा येतो. याच खोलीत, याच माणसांनी, अमुक कवीची हस्तलिखिते त्याच्या वारसांनी रद्दीत घातली म्हणून हळहळ व्यक्त केलेली असते. संहिताचिकित्सेवर तासन्‌तास शिकवणारे हे लोक आपल्या काळातील संहिता कोठे नांदते आहे, हे पाहायला तयार नाहीत.

ती फोनमध्ये नांदते आहे. गेल्या दहाबारा वर्षांत मराठीत लिहिणाऱ्या किती कवींनी कवितेचा पहिला खर्डा कागदावर केला असेल? बहुतेकांनी तो फोनच्या टिपणवहीत केला, मित्राला पाठवला, मित्राने शेवटच्या दोन ओळी नकोत म्हणून आवाजी निरोप धाडला, त्यावर रात्री दीडपर्यंत वाद झाला आणि सकाळी कविता बदलली. दिवाळी अंकाच्या संपादकाने कथा परत का केली, कोणता शब्द बदलून मागितला, लेखकाने कोठे हट्ट धरला, हे सारे आता तेथेच घडते. जी. ए. कुलकर्णी १९८७ साली गेले. त्यानंतर त्यांच्या पत्रांचे खंड निघाले आणि जी.एं.च्या कथेकडे पाहण्याची आपली दृष्टी त्या पत्रांनी घडवली. सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रेही ‘प्रिय जी. ए.’ या नावाने वाचायला मिळाली. ही पत्रे उरली याचे कारण कोणीतरी ती ठेवली होती. आजच्या एखाद्या कथाकाराचा असा खंड पुढे काढायचा म्हटले तर तो कशातून काढायचा? गेल्या दसऱ्याला दुकानात जमा केलेल्या फोनमधून?

कागद आणि फोन यांतील फरक आमच्या मते येथे आहे. कागद उपेक्षेतही टिकतो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड निघू लागले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. या साऱ्या खटाटोपाला जी कागदपत्रे मिळाली, त्यांतील कितीतरी पिढ्यान्‌पिढ्या कोणी उघडलीही नव्हती. माळ्यावर, रुमालात बांधून, विसरून टाकलेली. पुष्कळ वाळवीने खाल्ली, पुष्कळ वाण्याच्या पुड्यांत गेली; तरी दीडशे-दोनशे वर्षे कोणी हात न लावता उरायचे ते उरले. फोनला असे विसरून ठेवा. काही वर्षांत बॅटरी मरते किंवा फुगते. चालू झालाच तर कुलूप उघडत नाही, कारण आजकालच्या फोनमधील मजकूर सांकेतिक रूपातच साठवलेला असतो आणि किल्ली माणसाबरोबर गेलेली असते. ‘मेघा’त ठेवले आहे म्हणावे, तर तेथेही उपेक्षा चालत नाही. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले. माळ्याने असा नियम कधी केला नव्हता.

महानुभावांचे उदाहरण वर्गात आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके झाकून ठेवले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते अभ्यासकांपुढे उलगडले. लिपीची किल्ली पंथाच्या परंपरेत जिवंत होती म्हणून ते उलगडले. व्हॉट्सअ‍ॅपच्या सांकेतिक प्रतीला चौसष्ट अंकी किल्ली लावण्याची सोय २०२१ पासून आहे. ती किल्ली जपणारा मठ कोणता?

आता नव्या फोनकडे वळू. दुकानदार सांगतो, ‘सर, अर्ध्या तासात सगळे नव्यात टाकून देतो.’ या ‘सगळे’ शब्दावर भाषेच्या प्राध्यापकाने थांबायला हवे. अँड्रॉइड फोनची जी प्रत आपोआप मेघात जाते तीत क्रमांक, संदेश, मांडणी, काही अ‍ॅपांची माहिती असते. छायाचित्रे गूगल फोटोज नेते. फोनवर ध्वनिमुद्रित केलेल्या फायली सहसा या वाटेने जात नाहीत. दोन फोन तारेने जोडून जे नेले जाते त्यात त्या येऊ शकतात, पण ते मुद्दाम निवडावे लागते आणि निवडणारा हात दुकानातील पोऱ्याचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट आणखी वेगळी. अँड्रॉइडवरची प्रत गूगलकडे, आयफोनवरची अ‍ॅपलकडे, आणि एकीकडची प्रत दुसरीकडे उघडत नाही. एका घराण्याच्या फोनवरून दुसऱ्या घराण्याच्या फोनवर संभाषणे नेण्याची अधिकृत सोय व्हायला २०२१-२२ साल उजाडले. अँड्रॉइडवरची प्रत काही वर्षे फुकट ठेवली जात होती. २०२४ पासून ती गूगलच्या पंधरा जीबीच्या मोफत जागेत मोजली जाऊ लागली. जागा भरली की नवी प्रत निघत नाही. सूचना येते, सूचना कोण वाचतो?

शेजारच्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या एम.ए.च्या विद्यार्थिनीने आपल्या आजीच्या तोंडच्या अहिराणी ओव्या फोनवर मुद्रित केल्या होत्या, साठसत्तर तरी असतील. प्रकल्पासाठी त्यांतील बारा लिहून काढल्या. बाराच मागितल्या होत्या. पुढे फोन मंद झाला, तो देऊन नवा घेतला. नव्या फोनमध्ये आजीची सगळी छायाचित्रे आली, आत्याच्या लग्नातील सुद्धा. ओव्या आल्या नाहीत, कारण त्या मुद्रणाच्या अ‍ॅपच्या स्वतःच्या कप्प्यात होत्या. जुना फोन पुसूनच घेतला होता. आजी आधीच्या पावसाळ्यात वारली होती. त्याच महाविद्यालयाच्या मराठी विभागाकडे, नॅकच्या समितीला दाखवण्यासाठी, मराठी भाषा गौरव दिनाची छायाचित्रे स्थळ-काळाच्या शिक्क्यासह तीन ठिकाणी जतन केलेली आहेत. शाल कोणाच्या खांद्यावर पडली याचे दप्तर अचूक आहे.

हे अटळ नाही. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर आहेत, आणि त्यांचे ध्वनिमुद्रण व शब्द ‘पारी’च्या संकेतस्थळावर २०१७ पासून येत राहिले. फितींचा काळ सरला तरी आवाज उरले. तंत्र बदलत असताना प्रत्येक वळणावर ‘हे पुढे न्यायचे आहे’ असे ठरवणारी माणसे तेथे होती. आमच्या विभागांत असे कोणी ठरवत नाही, कारण फोन ही ‘वैयक्तिक वस्तू’ समजली जाते. जणू पत्रे सार्वजनिक वस्तू होती!

आक्षेप ठाऊक आहेत. पहिला असा की, फोनमध्ये नव्वद टक्के कचरा असतो: सुप्रभात, वाढदिवस, पुढे ढकललेले विनोद. असतो. पण राजवाड्यांना मिळालेल्या रुमालांत काय होते? हिशेब, पावत्या, धान्याच्या नोंदी, कोणाला किती देणे. त्या कचऱ्यावरच इतिहासाचे संशोधन उभे राहिले. काय टाकायचे ते चाळणीने ठरवावे. येथे चाळणीआधीच पोते गटारात रिकामे होते. दुसरा आक्षेप खाजगीपणाचा. हा गंभीर आहे आणि आम्ही तो झटकत नाही. संभाषणात दुसरा माणूस असतो, त्याचे संकोच असतात, कधी तिसऱ्याची निंदाही असते. परंतु खाजगी पत्रव्यवहारासाठी मुदतबंद ठेवीची रीत जगातील अभिलेखागारांना जुनीच आहे: अमुक वर्षे कोणी उघडू नये, अमुक नावे गाळावीत. ‘खाजगी आहे, म्हणून जपू नका’ असे आजवर कोणी म्हटले नव्हते. तिसरा आक्षेप ‘आम्हांला त्यातले कळत नाही’ हा. त्याला उत्तर देण्याची गरज वाटत नाही. श्री-लिपी आणि आकृतीच्या काळातील किती फायली संगणक बदलताच निरर्थक चिन्हांच्या ओळी होऊन बसल्या, हे याच पिढीने पाहिले आहे. तेव्हाही कळत नव्हते. वीस वर्षे झाली. आता कळायला हरकत नव्हती.

करायचे ते फार नाही. व्हॉट्सअ‍ॅपमधील संभाषण सहसा साध्या मजकुराच्या फाईलमध्ये बाहेर काढता येते. ती फाईल पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपमध्ये भरता येत नाही म्हणून लोक तिला नावे ठेवतात. अभिलेखाच्या दृष्टीने हाच तिचा गुण, कारण ती वाचायला कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही. ध्वनिफायली संगणकावर उतरवून, कोणाचा आवाज, कोणते गाव, कोणती तारीख एवढे नावात लिहून ठेवले तरी अर्धे काम होते. पण हे एकेकट्याच्या शहाणपणावर सोडून भागणार नाही. पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी बंधनकारक केले आणि ‘शोधगंगा’ भरू लागली. प्रबंध जपला जातो. तो ज्या आवाजांवर उभा आहे ते आवाज संशोधकाच्या खिशात राहतात आणि पुढच्या एक्स्चेंज ऑफरला जातात. बोलीवरचा, लोकसाहित्यावरचा कोणताही प्रबंध मूळ ध्वनिमुद्रणाविना स्वीकारू नये, आणि ते ठेवून घेण्याची जबाबदारी विभागाने घ्यावी, एवढी तरतूद करायला केंद्र सरकारची वाट पाहावी लागत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. नाणेघाटातील लेख दोन हजार वर्षे उघड्यावर राहून साक्षीला आला, म्हणून आपली बाजू भक्कम झाली.

दिवाळीच्या तोंडावर जुना फोन देऊन नवा घेण्याच्या जाहिराती पुन्हा लागतील. नेमक्या त्याच सुमारास दिवाळी अंकांची जुळवाजुळव संपत आलेली असेल आणि वर्षभराचा संपादकीय पत्रव्यवहार त्या जुन्या फोनांत असेल. त्याआधी अभ्यासमंडळांच्या बैठका आहेत. विषयपत्रिकेवर हा विषय कोणत्या विद्यापीठातून कोण ठेवतो आहे, ते कृपया कळवावे.