खात्रीच्या जागेची किंमत

अमेरिकेतील विद्यार्थी महाविद्यालयांसाठी अर्ज करताना यादीत एक-दोन ‘सेफ्टी स्कूल’ ठेवतात. प्रवेश जवळपास नक्की मिळेल आणि तिथेच शिकावे लागले तरी पश्चात्ताप होणार नाही, अशी ही महाविद्यालये. तेथील बहुतेक संस्था अंतिम निर्णयासाठी १ मेपर्यंत मुदत देतात. तोवर सगळी उत्तरे हाती आलेली असतात. दिल्लीतील समुपदेशकांच्या तोंडी हा शब्द आता मी वारंवार ऐकतो. शब्द आला, मुदत मात्र आली नाही.

एकाच सामायिक यादीतून प्रवेश होतात तेथे खात्रीचा पर्याय फुकट असतो. आयआयटी आणि एनआयटी यांचे जागावाटप २०१५पासून ‘जोसा’मार्फत एकत्र होते. आदल्या वर्षी कोणत्या शाखेची जागा कितव्या क्रमांकापर्यंत गेली, हे सर्वांना पाहता येते. वर अवघड पर्याय लिहिले तर खालची खात्रीची जागा हातची जाईल, ही भीती मला दर उन्हाळ्यात पालकांकडून ऐकू येते. ती निराधार आहे. वरचा पर्याय न मिळाल्यास खालच्या पर्यायावरील उमेदवाराचा हक्क त्याच्या गुणवत्ता क्रमांकानुसारच ठरतो. त्याने तो पर्याय कितव्या ओळीत लिहिला, यावर नव्हे. गेल आणि शॅपली या गणितज्ञांनी अशा वाटपाचे तत्त्व १९६२ मध्येच मांडले होते. नुकसान होते ते यादी आखूड ठेवल्याने.

अडचण सुरू होते ती एका यादीतून दुसऱ्या यादीत जाताना. दिल्ली विद्यापीठाचे जुने कटऑफ निर्दय होते. २०२१ मध्ये काही महाविद्यालयांत ते १०० टक्क्यांवर गेले. पण बारावीचे गुण हाती असत आणि आपण कुठे बसतो, याचा अंदाज घरीच बांधता येई. २०२२ मध्ये सीयूईटी आली. त्या वर्षी निकाल सप्टेंबरच्या मध्यावर लागला. २०२४ मध्येही निकालाला २८ जुलै उजाडला. खासगी विद्यापीठे मात्र वसंतातच प्रवेश देऊ करतात आणि शुल्काची तारीख मे-जूनमध्ये टाकतात.

माझ्या परिचयातील एका कारकुनाच्या मुलीला अर्थशास्त्र शिकायचे होते. दिल्लीलगतच्या एका खासगी विद्यापीठाने मे महिन्यात पहिल्या सत्राचे शुल्क मागितले. वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून ते भरले. ऑगस्टमध्ये तिला दिल्ली विद्यापीठात जागा मिळाली. भरलेले पैसे हिवाळ्यात परत आले, तेही ‘नोंदणी’पोटी मोठी रक्कम कापून. व्याज गेले ते वेगळेच.

विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम तिच्या बाजूने आहे, असे कोणी म्हणेल. २०२४-२५साठी आयोगाने ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १ हजार रुपयांची कपात, असे सांगितले होते. नियम चांगला आहे, पण तो पैसे भरल्यानंतर कामाला येतो. चार महिने लाखभर रुपये अडकवून ठेवणे ज्यांना शक्य नाही, ते मुळात भरतच नाहीत. त्यांच्यापुढे उरते ती सीयूईटीविना प्रवेश देणारी ‘स्कूल ऑफ ओपन लर्निंग’ किंवा एक वर्ष घरी बसणे. म्हणजे गुण सारखे असले तरी जोखीम पेलण्याची ऐपत वेगळी, आणि ती ऐपत कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

उपाय फार मोठा नाही. सीयूईटीचा निकाल लागून पहिली जागावाटप फेरी होईपर्यंत नाममात्र रकमेपेक्षा अधिक घेऊ नये, असे बंधन आयोगाने घालावे. खासगी विद्यापीठे म्हणतील, मग जागांचे नियोजन कसे करायचे? त्यांचा प्रश्न खोटा नाही. परंतु प्रवेश घेऊन किती मुले पुढे निघून जातात, याचे वर्षानुवर्षांचे आकडे त्यांच्याकडे असतात. त्या कारकुनाकडे एका मुलीचा एकच अर्ज होता. शिवाय हे बंधन टिकायचे तर परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेने निकालाची तारीख जानेवारीतच जाहीर करून ती पाळायला हवी. विद्यापीठांना थांबायला सांगण्याआधी सरकारने आपले घड्याळ दुरुस्त करावे, ही त्यांची मागणी मला रास्त वाटते.